ढावलो : नवरीचा बोलण्याचा अधिकार

आपल्याकडील लग्नसमारंभात बोलण्याचा मान कोणाकोणाला असतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. भटजी मंत्र म्हणतात, मामा आणि काका मंगलाष्टके म्हणतात, व्याही देण्याघेण्याचे बोलतात, आणि अलीकडे ध्वनिक्षेपकावरून मानकऱ्यांची नावे पुकारली जातात. ज्या मुलीचे लग्न, तिने मात्र खाली मान घालून उभे राहावयाचे आणि आग्रह झाला म्हणजे उखाण्यात नवऱ्याचे नाव घ्यावयाचे, एवढेच तिच्या वाट्यास येते. आपण या प्रकाराला विनय असे गोड नाव दिले आहे. परंतु याच महाराष्ट्रात असाही एक समाज आहे, की ज्याच्या लग्नात नवरीने बोलावे, नव्हे, सर्वांत अधिक नवरीनेच बोलावे, असा दंडक होता. ते बोलणे ती गाण्यातून करी. त्या गाण्याला ‘ढावलो’ म्हणतात. आज मी त्याच गाण्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

मराठवाड्यात, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचे गाव आहे. हा सारा टापू बालाघाटच्या आणि सिंदफणेच्या अंगाखांद्यावरचा. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेला आणि १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झालेला. या जिल्ह्यात गावापासून थोड्या अंतरावर, माळावर किंवा डोंगराच्या कुशीत, निराळी वस्ती दिसते. तिला तांडा म्हणतात. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वसाहत. नायक हा तिचा प्रमुख आणि कारभारी हा त्याचा साहाय्यक. तांडा हा शब्द मुळात वस्तीचा नव्हे, चालत्या काफिल्याचा आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहून नेणे हा या लोकांचा पूर्वापार धंदा. त्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. मोगलांच्या फौजांना त्यांनी रसद पुरविली आणि १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या सैन्यालाही पुरविली. पुढे आगगाडी आली, बैलांची पाठ रिकामी झाली आणि चालता तांडा माळावर स्थिरावला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का अशा अनेक फिरत्या जमातींवर बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

आजही या एका समाजाची गणना निरनिराळ्या राज्यांत निरनिराळी होते. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात आणि आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत मोडतो. कायद्याच्या वह्यांतील रकाने वेगळे असले, तरी तांड्यातील बोली मात्र सर्वत्र एकच, ती म्हणजे गोरबोली. तिचे नाते राजस्थानी बोलींशी आहे आणि ग्रीअर्सनने आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात तिची नोंद घेतली आहे. आईला या बोलीत ‘याडी’ म्हणतात, नवरीला ‘नवलेरी’ आणि नवरदेवाला ‘वेतडू’.

आता लग्नाकडे वळू. जुन्या काळी बंजाऱ्यांचे लग्न हा एका दिवसाचा उरकण्याचा कार्यक्रम नसे. वेतडू नवलेरीच्या तांड्यात येई आणि आठवडेच्या आठवडे तेथेच राही. या अवधीत तांड्यातील वडीलधाऱ्या बायका नवलेरीला घेऊन बसत आणि तिला ढावलो शिकवीत. शिकवीत, हा शब्द मी जाणून वापरतो. चाल शिकवावयाची, शब्दांची ठेवण शिकवावयाची, कोठे दीर्घ श्वास घ्यावा, कोठे हुंदक्याला जागा द्यावी, हेही शिकवावयाचे. मग पाठवणीचे दिवस जवळ आले, म्हणजे नवलेरी एकेका आप्ताच्या गळ्यात पडे आणि त्या त्या व्यक्तीला उद्देशून ढावलो गाई. याडीला वेगळे, बापाला वेगळे, भावाला वेगळे, मैत्रिणींना वेगळे. त्यात माया असे, आठवणी असत. तसाच जाबही असे. मी तुम्हाला जड झाले काय, मला इतक्या दूर का देता, आता माझ्याकडे कोण पाहील, अशा आशयाचे प्रश्न ती भर मांडवात, सगळ्या तांड्यासमक्ष, आपल्या जन्मदात्याला विचारी. आणि त्या बापाने ते उभ्याने ऐकून घ्यावयाचे असत.

शहरातील एखादा सुशिक्षित गृहस्थ यावर म्हणेल, की हे तर शिकवून ठेवलेले रडणे. त्यात खरेपणा तो कितीसा? हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतो, परंतु विचारांती टिकत नाही. शोकाला ठरीव रूप दिले म्हणजे तो शोक खोटा होतो, असे नाही. उलट, ठरीव रूपाने दुबळ्याला एक कवच मिळते. पंधरा-सोळा वर्षांची पोर साध्या बोलण्यात बापाला म्हणेल, की तुम्ही माझ्यावर अन्याय करता, तर तो उद्धटपणा ठरेल आणि तिला गप्प बसविले जाईल. तीच गोष्ट तिने ढावलोच्या चालीवर म्हटली, तर तो रिवाज ठरतो, आणि रिवाजाला कोणी अडवू शकत नाही. उलट जी मुलगी ढावलो नीट गाई, तिचे कौतुकच होई. म्हणजे तक्रार उत्तम रीतीने मांडणे हा येथे मुलीचा गुण ठरला होता! आपल्या पांढरपेशा घरांत तक्रार न करणे हा मुलीचा गुण समजला गेला, हे आपण जाणताच.

ढावलोच्या शेवटी येते ती ‘हवेली’. हे निरोपाचे गाणे. जुन्या वर्णनांप्रमाणे सजविलेल्या बैलाच्या पाठीवर नवलेरीला उभे करीत आणि ती दोन्ही हात उंचावून बापाच्या घराचा आणि तांड्याचा निरोप घेई व त्यांचे कल्याण चिंती. या चित्रातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ज्या बैलाच्या पाठीवर या जमातीने शतकानुशतके आपली उपजीविका वाहिली, त्याच पाठीवर ती आपली मुलगी उभी करते. आणि ज्या घराला ही मुलगी हवेली म्हणते, ते घर पुष्कळदा गवताने शाकारलेले खोपट असे. बापाला जाब विचारून झाल्यावर त्याच्या खोपटाला हवेली म्हणणारे हे अंतःकरण केवळ रडके नव्हे. ते मानी आहे.

ढावलो हे नाव मराठी कानाला परके वाटू नये. आपल्या वाङ्मयाच्या आरंभकाळी, तेराव्या शतकात, महानुभाव पंथातील महदाइसेने ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर ‘धवळे’ रचून गाइले. मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण तिचा गौरव करतो, आणि तिची कविता आहे लग्नगीतांची. धवळे म्हणजे मंगल विवाहगीत. मराठीत जो शब्द मंगलाचा, त्याच्याशी मिळताजुळता शब्द बंजाऱ्यांकडे विलापाचा आहे. मला यात विरोध दिसत नाही. मुलीच्या दृष्टीने पाहिले तर लग्न ही दोन्ही गोष्टींची एकच घटका असते.

या शब्दाचा तिसरा आवाज आपल्याला सह्याद्रीच्या पलीकडे, पालघर जिल्ह्यातील वारली वस्त्यांत ऐकू येतो. तेथे लग्नविधीत गाणाऱ्या स्त्रीला ‘धवलेरी’ म्हणतात. ती केवळ गाणारी नव्हे, तर लग्न लावणारी आहे. घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्या चौकात पालघाट देवी बसते आणि धवलेरी आपल्या गाण्यातून देवादिकांना लग्नास पाचारण करते. चौकावाचून लग्न नाही आणि धवलेरीवाचून चौकाला पूर्तता नाही. आपल्याकडे जे स्थान मंत्राचे, ते तेथे स्त्रीच्या गाण्याचे. पुढे गंमत अशी झाली, की या चौकाची चित्रकला गेल्या शतकाच्या आठव्या दशकात भिंतीवरून कागदावर उतरली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने ती देशोदेशी नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र आज आपल्या दिवाणखान्यात आहे, चादरीवर आहे, चहाच्या पेल्यावर आहे. परंतु ते चित्र काढले जात असताना जे गाणे चालते, ते आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? डोळ्यांना जे विकत घेता आले ते आपण घेतले. कानांना जे ऐकून घ्यावे लागते, ते तेथेच राहिले.

आता पुन्हा बीड जिल्ह्याकडे येऊ, कारण खरा प्रश्न तेथे आहे. हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तांड्यांतून आणि गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादम उचल देतो, ती ‘कोयत्या’च्या हिशेबाने. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. श्रोतेहो, या हिशेबातच लग्नाचे एक अर्थशास्त्र दडलेले आहे. घरात मुलाचे लग्न झाले, की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. फडावर वयात आलेली मुलगी सांभाळण्याची धास्ती, ती आणखी वेगळी. परिणाम असा, की २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी दर शंभरांत चाळीसांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेले आढळले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले, १९७८ मध्ये ते अठरा झाले आणि २००६ मध्ये बालविवाहाविरुद्ध नवा कायदा झाला. कायदा पुढे गेला, फडाचा हिशेब मात्र आपल्याच वाटेने चालला.

या धावपळीत आठवडेच्या आठवडे चालणारे लग्न बसावयाचे कोठे? सहा महिने याडी फडावर आणि मुलगी तिच्याबरोबर, किंवा मागे आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. परतल्यावर चैत्र-वैशाखात घाईघाईने एका दिवसात लग्न उरकावयाचे. वाजंत्रीची जागा कर्णकर्कश ध्वनिवर्धकाने घेतलेली. ढावलो शिकविण्यास वेळ नाही, गाण्यास शांतता नाही, आणि शाळेत मराठी शिकलेल्या मुलीला गोरबोलीतील जुने शब्द पुरते उमगतही नाहीत. म्हणजे मुलगी लहानच राहिली, लग्न तसेच राहिले, आणि तिच्या हातची बोलण्याची तेवढी एक संधी निघून गेली.

येथे एका मोहापासून आपण सावध राहिले पाहिजे. ढावलो होता तेव्हा सारे आलबेल होते, असे मुळीच नाही. ढावलो गाणारी मुलगी पुष्कळदा कोवळ्या वयाचीच असे. तिने जाब विचारला, सारा तांडा गहिवरला, आणि तरीही तिला बैलावर चढावेच लागले. गाण्याने तिचे लग्न एक दिवसही लांबणीवर पडले नाही. गाणे हा न्याय नव्हे. परंतु न्याय मागण्याचा तो सराव होता. आपले दुःख शब्दांत मांडता येते, ते चारचौघांत मांडावयाचे असते, आणि वडीलधाऱ्यांनी ते ऐकून घ्यावयाचे असते, हे तीन धडे त्या मुलीला तिच्याच समाजाने दिले होते. आज ‘मला हे लग्न नको, मला शिकावयाचे आहे’ असे सांगण्याचा अधिकार कायद्याने तिला दिला आहे. तो वापरण्यासाठी जो आवाज लागतो, तो घडविण्याची रीत मात्र तिच्या आजीपाशी होती. कायदा आणि आजी यांची गाठ पडावयास हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. दिंद्रुड ज्या तालुक्यात आहे, त्याच माजलगावी, भीमनगर वस्तीत, १९९६ मध्ये तेथील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. दळणाचे जाते गेले, तरी त्या बायकांचे शब्द, त्यांच्या नावांसह, राहिले. ढावलोचेही तसेच जतन व्हावे. ते गोरबोलीतच, देवनागरीत उतरवून घ्यावे. गाणारीचे नाव लिहावे. कोणते गाणे कोणाला उद्देशून, हे अवश्य टिपावे, कारण बापाला विचारलेला प्रश्न व्यासपीठावरील प्रेक्षकांपुढे गाइला, तर त्याचा केवळ देखावा होतो. आणि हे काम तांड्यातील शिकलेल्या मुलींनी करावे. आजीला प्रश्न विचारता विचारता त्या ते गाणेही शिकतील आणि विचारण्याची रीतही.

आपण शहरातील श्रोते यात काय करू शकतो? फार मोठे असे काही नाही. आपल्या घरी लग्न निघाले, म्हणजे मुहूर्त आणि कार्यालय ठरविण्याच्या आधी मुलीला तिचे मन विचारावे, आणि ती बोलू लागली तर तिला पुरते बोलू द्यावे. आणि हळदीच्या दिवशी घरातील एखादी वृद्ध आत्या वा मावशी जुने गाणे म्हणू लागली, तर तेवढा वेळ तो ध्वनिवर्धक बंद ठेवावा.