जलपर्णी काढा, पण वेळेवर

पुण्याच्या मुळा-मुठेत जलपर्णी माजली की आपण तिलाच शिव्या घालतो. खरं तर सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषूनच ती फोफावते. तिच्या काळसर, केसाळ मुळांत गाळही अडकतो. मग जलपर्णी वाढू द्यावी? नदीत मुळीच नको. तिच्याखाली प्राणवायू घटतो, डास होतात आणि ती कुजली की शोषलेलं सगळं पाण्यात परत जातं. शुद्धीकरण केंद्रापुढच्या बांधीव तळ्यात लावून ती वेळच्या वेळी काढली, तरच उपयोग. केंद्रांना मात्र ती पर्याय नव्हे. त्यांच्यासाठी २०१६मध्ये जपानच्या ‘जायका’ या संस्थेशी कर्जकरार झाला तो उगाच नाही. आणि काढलेली जलपर्णी काठावरच टाकली, तर पहिल्या पावसात तिचा रस भीमेतून थेट उजनी धरणात!