रॅकेटचं गटिंग: किती पौंड?

चेण्याहून घोडबंदर रोडनं ठाण्याला जाऊन बॅडमिंटनची रॅकेट गटिंगला, म्हणजे तारा बसवायला टाकली, की दुकानदार पहिलं विचारतो, "किती पौंड?" टीव्हीवरचे खेळाडू बघून २८ सांगू नका. पौंड म्हणजे तारांचा ताण. तो वाढला की नेम साधतो, पण मनगटात जोर नसेल तर शटल मागच्या रेषेपर्यंत पोचतच नाही. कोपर दुखतं ते वेगळंच! नवख्याला २० ते २२ पुरे. तार ०.७० मिलिमीटरची घ्या, टिकते. ०.६६ची खणखणीत वाजते, पण लवकर तुटते. रॅकेट नुसती पडून राहिली तरी ताण उतरतोच. आणि एक तार तुटली, तर बाकीच्याही लगेच मधून कापायच्या, म्हणजे फ्रेम वाकडी होत नाही.