दंड परवडता कामा नये



सांडपाणी शुद्ध न करता रात्री नाल्यात सोडले तर कारखान्याचे 10 लाख रुपये वाचतात, असे समजा. पकडले जाण्याची शक्यता दहात एक. मग दंड किती हवा? किमान एक कोटी. त्याहून कमी असेल, तर नाला नासवणे हा फायद्याचा व्यवहार ठरतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1968 साली गुन्हा आणि शिक्षेचा हा हिशेब मांडला. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ मार्क कोहेन यांनी तो बंदरात, न्यायालयात आणि शेअर बाजारात पडताळून पाहिला. आज त्यांच्या कामाविषयी बोलायचे आहे.

सुरुवात तेलगळतीपासून झाली. जहाजात तेल भरताना आणि उतरवताना काळजी घ्यायला वेळ लागतो, पैसा लागतो. कोणी पाहत नसेल तर ती टाळली जाते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने या कामावर प्रत्यक्ष नजर ठेवली की गळती घटते, हे कोहेन यांच्या 1987 मधील अभ्यासातून दिसले. नियम कागदावर असून भागत नाही, तपासणारा जागेवर लागतो.

पुढे ते अमेरिकेच्या शिक्षा आयोगात गेले. 1984 ते 1987 या काळात फेडरल न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या कंपन्यांची प्रकरणे घेऊन झालेले नुकसान आणि झालेली शिक्षा त्यांनी शेजारी मांडली. 1 नोव्हेंबर 1991 पासून आयोगाने आखलेली कंपन्यांच्या शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्यांत दंड ठरवताना कंपनीचा नफा आणि इतरांचे नुकसान विचारात घेतले गेले. पण पर्यावरणाचे गुन्हे दंड ठरवण्याच्या या पद्धतीतून वगळले गेले. हवा आणि पाणी यांच्या नासाडीचा हिशेब तिथेही मागेच राहिला.

त्यांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास आपल्या दुःखाशी जोडलेला आहे. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर, 1986 साली अमेरिकेने कायदा केला: कारखान्यांनी कोणती विषारी द्रव्ये किती सोडली, हे जनतेला सांगायचे. 1989 साली पहिली आकडेवारी जाहीर झाली आणि काही कंपन्यांचे शेअर घसरले. शमीक कोनार यांच्यासह कोहेन यांनी 1997 मध्ये दाखवून दिले, की ज्यांचे शेअर सर्वाधिक घसरले, त्यांनी आपल्या क्षेत्रातील इतरांपेक्षा उत्सर्जन जास्त कमी केले. न्यायालयात न जाता, नुसत्या उघड माहितीने हे घडले.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये कारखान्यांच्या धुराड्यांतील धूलिकणांनुसार जाहीरपणे एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. ती योग्य वाट आहे. दुसरीकडे, 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील उल्लंघनासाठी थेट तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवला. छोट्या चुकीला तुरुंग नको, हे मान्य. पण मोठ्या कंपनीला 15 लाख हा वर्षाचा किरकोळ खर्च आहे. तपासणी विरळ असेल, तर त्याचा धाक उरत नाही.

म्हणून तीन मागण्या लावून धरा. दंड वाचलेल्या पैशाच्या पटीत असावा. तपासणी अचानक आणि वारंवार व्हावी. आणि तपासणीचा प्रत्येक अहवाल मराठीतून, कारखान्याच्या दारावर लागावा. ज्यांच्या विहिरीत ते पाणी झिरपते, त्यांना तो वाचण्याचा पहिला हक्क आहे.