यंत्राची स्मरणवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी जुन्या स्मृतींना उजाळा देण्याची प्रथा आहे. तो मान माझ्याहून वडीलधाऱ्या मंडळींचा. मीही स्मृतीविषयीच बोलणार आहे. परंतु ती माणसाची नव्हे, यंत्राची. मी तंत्रज्ञ नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि उभे आयुष्य सरकारी फायलींत घालवलेला माणूस. तरीही हा विषय मला परका वाटला नाही.

आपली मुले-नातवंडे हल्ली ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी संभाषण करतात, ती आपले सारे बोलणे आपोआप लक्षात ठेवते, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रचंड मजकुरावर तिचे शिक्षण एकदा पुरे झाले, की आपल्या गप्पांनी तिच्या मूळ ज्ञानात काही भर पडत नाही. संभाषण चालू असेतो त्यातील मजकूर तिच्यापुढे असतो, आणि त्यालाही मर्यादा असते. संभाषण संपले, की पाटी कोरी!

यावर निघालेला उपाय आपल्या कचेरीतल्यासारखाच आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मेमजीपीटी’ नावाची रचना मांडली. तीत दोन प्रकारची स्मृती आहे. एक, टेबलावर सदैव उघडी असलेली छोटी वही. दुसरी, अभिलेखकक्षासारखे मोठे कोठार. यंत्राच्या हाती काही अवजारे दिलेली असतात. एका अवजाराने वहीत नवा मजकूर जोडता येतो, दुसऱ्याने जुना बदलता येतो. काय टिपून ठेवावे, हे बहुधा यंत्रच ठरवते. पुढील खेपेस ती वही आधी त्याच्यासमोर येते आणि मग ते आपल्याशी बोलू लागते. २०२४ पासून चॅटजीपीटीसारख्या सर्वसामान्यांच्या वापरातील साधनांतही अशी स्मृती आली.

म्हणजे ज्याला आपण यंत्राची आठवण म्हणतो, ती शेवटी कोणीतरी लिहून ठेवलेली एक ओळ असते. आणि लिहिलेल्या ओळीचे सामर्थ्य किती, हे मला माझ्या सेवापुस्तकाने शिकवले.

माझे गाव सांगली. नोकरीत रुजू झालो तेव्हा एका कारकुनाने ‘स्वग्राम’ या रकान्यात ‘सांगोला’ असे लिहिले. तो गृहस्थ काही दुष्ट नव्हता. दोन्ही नावे त्याला सारखीच अनोळखी होती. मीही न वाचताच सही केली. पुढे आई आजारी असताना कुटुंबासह सांगलीस जाऊन आलो आणि प्रवास सवलतीचे बिल परत आले. “आपले गाव सांगोला आहे,” असे मला लेखी कळवण्यात आले! माझे गाव कोणते, हे माझ्यापेक्षा त्या वहीला अधिक ठाऊक होते. दुरुस्तीस दीड वर्ष लागले. एकाने चूक केली. त्यानंतरच्या सर्वांनी तिच्यावर केवळ विश्वास ठेवला.

यंत्राच्या वहीतही हेच घडू शकते. घरी येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण बिनसाखरेच्या लाडवांची कृती विचारावी, आणि यंत्राने ‘यांना मधुमेह आहे’ असे टिपून ठेवावे. आपली बदली नागपूरहून गुवाहाटीस व्हावी, आणि नवा पत्ता जोडला जाऊनही जुना तसाच राहावा. नुसते जोडत गेल्याने ज्ञान वाढतेच असे नाही. कधी कधी घोळच वाढतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की वाचावयास दिलेल्या परक्या मजकुरात दडवलेल्या सूचनेमुळेही यंत्राच्या स्मृतीत खोटी नोंद शिरू शकते, हे २०२४ मध्ये संशोधनाने दाखवून दिले. आपल्या सेवापुस्तकात वाटेवरच्या माणसाने लिहून जावे, तसाच हा प्रकार!

म्हणून यंत्रास नावे ठेवावीत, असे मी म्हणणार नाही. घरापासून दूर राहणाऱ्या वृद्ध माता-पित्यांना औषधाच्या वेळा आठवणीने सांगणारा मदतनीस मिळाला, तर तो कोणास नको आहे? परंतु जुनी कचेरीची शिस्त येथेही हवी. नोंद कोणी सांगितल्यावरून झाली, कोणत्या तारखेस झाली, हे तीत असावे. चुकीची नोंद खोडता यावी. ज्याच्याविषयी नोंद आहे, त्याला ती वाचता यावी. पुष्कळ साधनांत ही वही उघडून पाहण्याची व त्यातील ओळ काढून टाकण्याची सोय आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती उघडून पाहिली आहे?

आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभेत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तरुणपणी मला तो कंटाळवाणा उपचार वाटे. आज त्याचा अर्थ उमगतो. लिहिलेले सर्वांसमक्ष वाचले जाते, कोणी हरकत घेतो, शब्द बदलतो, आणि मगच ते आपली स्मृती होते. यंत्राच्या वहीचे वाचनही असेच अधूनमधून घरात व्हावे, एवढेच माझे सांगणे.