थरांच्या स्फटिकांतील स्थित्यंतर

अवस्थांतर म्हटलें कीं बर्फाचें पाणी आणि पाण्याची वाफ हींच उदाहरणें डोळ्यांपुढें येतात. परंतु पदार्थ घनच राहावा, पाहणाऱ्याला त्यांत कांहीं फरक दिसूं नये, आणि तरीही विशिष्ट उष्णमानाला त्याच्या अंतरंगाची घडी पार बदलून जावी, असेंही सृष्टींत पुष्कळ वेळां घडतें.

फेरोइलेक्ट्रिक स्फटिकांचें स्थित्यंतर हें याच जातीचें. नांवांत लोखंड असलें तरी पदार्थांत तें असावेंच लागतें असें नाहीं. लोहचुंबकाशीं असलेल्या साम्यावरून तें नांव पडलें. चुंबकाला जसे उत्तर-दक्षिण ध्रुव, तसे या स्फटिकाला विजेचे धन व ऋण ध्रुव असतात. बाहेरून उलट दिशेनें विद्युद्दाब दिला असतां ते पालटतात, आणि दाब काढून घेतला तरी पालटलेलेच राहतात. १९२० सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत जोसेफ व्हॅलासेक यांनीं रोशेल सॉल्ट नांवाच्या क्षारांत हा गुण प्रथम दाखविला. तेथें तो उणे १८ ते २४ सेंटिग्रेड अंशांच्या दरम्यानच टिकतो.

तांबें, इंडियम, फॉस्फरस आणि गंधक यांच्या संयोगानें बनणारा एक अर्धसंवाहक स्फटिक याच वर्गांत मोडतो. त्याची रचना अभ्रकासारखी थरांची आहे. थराच्या आंतील बंध बळकट, पण थराथरांतील आकर्षण दुर्बल. त्यामुळें त्याचे पापुद्रे सहज सुटतात. प्रत्येक थरांत गंधकाच्या अणूंचे पिंजरे असतात. पिंजऱ्यांतील तांब्याच्या अणूला दोन आसनें: एक थराच्या वरच्या अंगाला, दुसरें खालच्या. ऊन स्फटिकांत तो या दोहोंमध्यें सारखा उड्या मारतो; वर-खालीं समान विभागणी होते आणि ध्रुव उरत नाहींत. स्फटिक निवत निवत सुमारें ४२ अंशांवर आला कीं शेजाऱ्यांचा विद्युत्-प्रभाव उष्णतेच्या गडबडीवर मात करतो, आणि तांब्याचे अणु एकाच बाजूला जाऊन बसतात. इंडियम किंचित् उलट दिशेला सरकतें व त्या परिणामांतून थोडी वजाबाकी करतें. हा पालट हळूहळू न होतां एकदम होतो.

या सूक्ष्म उलाढालीकडे संशोधकांचें लक्ष लागण्याचें कारण स्मृतियंत्र. ध्रुव वर तर एक, खालीं तर शून्य, अशी नोंद विजेच्या पुरवठ्यावांचून टिकते. नेहमींचे फेरोइलेक्ट्रिक पदार्थ फार पातळ केले असतां पृष्ठभागावरील भारांच्या विरोधामुळें आपला गुण गमावूं लागतात. या थरांच्या स्फटिकाचा अवघा ४ नॅनोमीटर, म्हणजे साधारण सहा थरांचा, पापुद्रा मात्र नेहमींच्या उष्णमानांत ध्रुव राखतो, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें.

अडचण आहे ती त्या ४२ अंशांची. विदर्भांतील वैशाखाची दुपार हा आंकडा सहज ओलांडते. संगणकाच्या पोटांतील उष्णता तर त्याहून अधिक. लिहिलेली नोंद तेथें पुसली जाणार. गंधकाच्या जागीं सेलेनियम घातलें तर बिंदु शून्याच्याही खालीं उतरतो. शिवाय ज्या चंचलतेमुळें तांबें आसन बदलतें, तिच्याचमुळें तें विद्युद्दाबाखालीं पिंजरा सोडून भटकूंही लागतें, आणि मग कोणता परिणाम ध्रुवांचा व कोणता भटकंतीचा हें ओळखणें कठीण होतें.

दाब दिल्यानें बिंदु वर चढतो. तो दाब स्फटिकाच्या आंतच निर्माण करण्याची एक युक्ति निघाली आहे. मिश्रणांत तांबें कमी ठेवलें असतां स्फटिकांत तांब्याचे आणि बिनतांब्याचे असे दोन भाग एकमेकांना चिकटून तयार होतात व परस्परांना ताणतात. तांबें घटवून तांब्याची शिस्त टिकवावी, हें चमत्कारिक खरें. पण अशा स्फटिकांत स्थित्यंतराचा बिंदु ६० अंशांच्या पुढें गेल्याचें २०१५ सालींच नोंदलें गेलें आहे.