विंचू आणि न सांगता चालणारा कारभार



भाकरी आपण थापू तेव्हाच थापली जाते. पण काळजाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम ही कामे कोणी न सांगता चालतात. हा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेचा. तिचे एक अंग संकटात काळीज पळविते, रक्तवाहिन्या आवळते. दुसरे काळजाला आवरते, अन्न पचविते.

तांबड्या विंचवाचे विष हीच व्यवस्था उधळून लावते. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. रक्तदाब चढतो, काळीज थकते, फुप्फुसांत पाणी साचते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणे टिपून १९८२ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण शिरोळकरणी मात्र विंचू ठणक्यावर जोखतो! नुसताच ठणका असेल तर धोका बहुधा कमी. उलट शेणींच्या राशीत हात घातलेले पोर रडत नाही, पण घामेजून गार पडले आहे, तर उताऱ्यात वेळ न घालविता दवाखाना गाठावा. ती गोळी घरी देऊ नये. रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून डॉक्टर रोग्याला निजवून, दाब मोजीत देतात.