बिनविरोध निवडीचा मोह



संस्थांतील पदाधिकाऱ्यांच्या निवडीची सभाशास्त्रीय रीत, असा विषय आजच्या पत्रिकेवर छापला आहे. सूचना, अनुमोदन, गणपूर्ती, आवाजी मतदान यांच्या व्याख्या, ज्यांनी एकदा तरी एखाद्या मंडळाची चिटणिशी केली आहे त्यांस तोंडपाठ असणार. म्हणून त्यांत वेळ न दवडता एकच गोष्ट मी आग्रहाने मांडणार आहे, ती ही की, आपण जिला संस्थेचे भूषण मानतो ती बिनविरोध निवड, विरोधास खरोखर वाव देऊन झालेली नसेल तर, सर्वांत मोठा अन्याय निवडून आलेल्या माणसावरच करते. समोरच्या रांगेतील कार्यकारी मंडळांच्या सभासदांत चुळबूळ दिसते. माझा रोख कोणा एका संस्थेवर नाही, हे आताच सांगून ठेवतो. (हशा)

सुरतेचे उदाहरण दोन वाक्यांत सांगावे असा माझा बेत होता, परंतु ते दोन वाक्यांत मावत नाही. १९०७ साली काँग्रेस नागपूर सोडून सुरतेस का गेली आणि मवाळ-जहालांचा तंटा कशावरून होता, हे आपण जाणताच. २६ डिसेंबरास डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविले गेले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनास उभे राहिले आणि मंडपात एवढा गदारोळ माजला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांजकडे एक चिठ्ठी धाडली : अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, तरी माझे नाव पुकारावे. चिठ्ठी पोहोचली, उत्तर आले नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण पुरे झाले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, मालवींनी निवड झाल्याचे जाहीर केले, आणि तेव्हा टिळक व्यासपीठावर चढून, सूचना मांडल्यावाचून हलणार नाही म्हणून हाताची घडी घालून उभे राहिले. ती सूचना नियमबाह्य असल्याचा निर्णय त्यांना मिळाला तो येथे, निवड जाहीर होऊन गेल्यानंतर.

तो निर्णय बरोबर होता असे घटकाभर गृहीत धरू. परंतु निर्णय द्यावयाचा तो मतास टाकण्यापूर्वी, सभेस ऐकू जाईल अशा आवाजात आणि अध्यक्षाच्या खुर्चीवरून. मौन हा निर्णय नव्हे. मागून कोणी गृहस्थ विचारतात, जोडा कोणी फेकला? जो जोडा सुरेंद्रनाथांस आणि फिरोजशहा मेहतांस लागला, त्याचे समर्थन मी कदापि करणार नाही. पण जोडा नंतर आला, चिठ्ठी आधी आली होती! (टाळ्या) बहुमत मवाळांकडेच होते असे मानावयास पुष्कळ जागा आहे. तेव्हा टिळकांस पाच मिनिटे देऊन हात मोजले असते तर घोष बहुधा निवडूनच आले असते, आणि मोजून निवडून आलेले अध्यक्ष म्हणून बसले असते. झाले ते असे की त्यांचे भाषण मंडपात पुरे होऊ शकले नाही, पोलिसांनी मंडप रिकामा केला, आणि दुभंगलेली काँग्रेस पुन्हा एक व्हावयास १९१६ चे लखनौ उजाडावे लागले.

याच्या उलट दादासाहेब मावळंकर पाहा. १९४६ च्या जानेवारीत मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते ६६ विरुद्ध ६३ अशा मतांनी, सर कावसजी जहांगीर यांच्याशी लढून. तीन मतांचे आधिक्य म्हणून त्यांचा शब्द हलका ठरला काय? १९५२ साली लोकसभेतही शंकरराव मोरे यांचे नाव त्यांच्यासमोर आलेच; ३९४ विरुद्ध ५५ अशी मते पडली, आणि त्या ५५ जणांचेही ते अध्यक्ष झाले. ही निवडणूक...

अध्यक्षमहाराज घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा तो भाग आवरता घेतो. लोकसभेचा नियम तेवढा ऐका : सूचना आदल्या दिवशी दुपारी बारापूर्वी लेखी द्यावयाची, तिला अनुमोदक हवा, उमेदवाराची संमती सोबत हवी, आणि स्वतःचे नाव स्वतः सुचविता येत नाही. आपल्या पोटनियमांत हे चार शब्द घालावयास कोणती अडचण आहे?

अडचण कोठे असते ते मी एका वाचनालयाच्या वार्षिक सभेत पाहिले आहे. सभा सुरू होण्यापूर्वीच इतिवृत्ताच्या वहीत 'टाळ्यांच्या गजरात एकमताने' असे सुवाच्य अक्षरांत लिहून शाई वाळलेली होती. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती दोन बोटे जागा मोकळी सोडली होती. एक वृद्ध सभासद पाठीमागे हात वर करून उभे होते. 'आणखी नावे आहेत काय?' हा प्रश्न आणि 'नाहीत' हे उत्तर चिटणिसांनी एकाच दमात उच्चारले. त्या गृहस्थांस कोणाचे नाव सुचवावयाचे होते ते कोणासच कळले नाही.

घंटा झाली, आता शेवटचेच. ही व्याख्यानमाला चालविणाऱ्या मंडळाची वार्षिक सभा पुढील महिन्यात आहे. प्रत्येक पदासाठी आठ दिवस आधी लेखी नावे मागवावीत, एकाहून अधिक आल्यास गुप्त मतदान घ्यावे आणि एकच आल्यास तेही हात मोजूनच संमत करावे, अशी घटनादुरुस्तीची सूचना मी आज दुपारी चिटणिसांकडे लेखी दिली आहे. तिला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही. जे सभासद सही करावयास तयार असतील त्यांनी कृपा करून जाताना दाराशी थांबावे; कागद माझ्याजवळच आहे.